दोन चाकांचं वळण

आमच्या भागाला काय म्हणावं हे अजून ठरलेलं नाही. कागदावर खेडं लिहितात, बसच्या पाटीवर नगर लिहितात, आणि शहरातल्या माणसाला विचारलं तर तो नुसता हात करतो, "तिकडं लांब, उसाकडं." हद्दवाढ होणार, नाही होणार, हे मी तरणा होतो तेव्हापासून ऐकतोय. मी इथंच जन्मलो आणि इथंच म्हातारा झालो. मला कोणी पत्ता विचारला तर मी सांगतो, कोल्हापुरातनं या, बस जिथनं वळून परत जाते तिथं उतरा, आणि शेणाचा वास आला की आत शिरा. तो गोठा माझा.

सकाळी सहाला इथं उभं राहून बघावं. दूध संस्थेच्या दारात किटल्यांची रांग लागलेली असते. त्या रांगेत धोतरवाला असतो, बर्मुडावाला असतो, आणि गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेला माझा पोरगाही असतो. दूध घालून तो तसाच एमआयडीसीच्या गाडीत बसतो. एका बाजूनं शुगर कमी करायला निघालेल्या बायका बूट घालून ताडताड चालत येतात, समोरनं माझ्या म्हशी येतात. बायका थांबतात, म्हशी थांबत नाहीत. डाव्या हाताला तीन मजली बंगला, उजव्या हाताला तोडणीला आलेला ऊस, मधे इंग्रजी शाळेची पिवळी गाडी. उसाचा पाला पेटवला की काळी राख उडून बंगल्यांच्या वाळवणावर पडते. मग बंगलेवाले बांधावर येऊन ओरडतात. मी एकाला सांगितलं होतं, "पावणं, साखर गोड लागती न्हवं? मग राख बी थोडी घ्या." तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, पण दूध माझ्याच घरातनं नेतो.

माणसं सगळीकडनं आली. गडहिंग्लजच्या बाजूनं, नेसरीकडनं, मिलिटरीतनं पेन्शनीत निघालेले आले. शिवाजी पेठेतनं एक जण आला. तिथं चार भावांत दीड खोली वाट्याला येत होती म्हणून त्यानं इथं घर बांधलं. घर इथं असलं तरी जीव अजून पेठेतच आहे. गच्चीवर तालमीच्या फुटबॉल संघाचा झेंडा लावलाय, आणि मॅच हरली की दोन दिवस तो कुणाला तोंड दाखवत नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही. कुणाचंच लिहीत नाही. सगळे अजून इथंच राहतात आणि मलाही इथंच राहायचं आहे.

ही सगळी माणसं ज्या रस्त्यानं ये-जा करतात, तो रस्ता मी पाडला. आता त्याचंच सांगतो.

माझं रान मोठ्या रस्त्याला लागून होतं. त्यातला अर्धा तुकडा मी प्लॉट पाडून विकला. का विकला ते माझ्या घरचं आहे, ते इथं लिहीत नाही. आजूबाजूच्यांनी प्लॉट पाडले तेव्हा त्यांनी रस्ता सोडलाच नव्हता. घ्या आणि एकमेकाच्या परड्यातनं जावा, असला कारभार. मी म्हटलं, आपण रस्ता सोडायचा, आणि चांगला सोडायचा. मोजला तो माझ्या रीतीनं. उसानं गच्च भरलेली बैलगाडी रानात उभी केली. तिच्या शेजारनं बायकोला डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालायला लावलं. भारा गाडीला घासला की मी म्हणायचो, अजून सर. घासायचा थांबला तिथं दगड रोवला. भरलेली गाडी आणि भारा घेतलेलं माणूस, दोघं एकमेकाला न थांबवता गेली पाहिजेत, याच्यापेक्षा रस्त्याला आणखी काय पाहिजे? बायको अजून म्हणते, "ह्या रस्त्याचं माप माझ्या डोस्क्यावरनं घेतलंया. माझ्या मानंला इचारा."

हा रस्ता मोठ्या रस्त्यापासनं सरळ आत येतो आणि माझ्या गोठ्याला आला की डावीकडं वळतो. पुढं बाकीची घरं. त्या वळणाच्या आतल्या अंगाला गोठ्याचा कोपरा आहे. गोठा मी बांधलेला. आम्ही विहीर काढली तेव्हा निघालेले काळे दगड फोडून, तासून मी त्याच्या भिंती उभ्या केल्या, आणि त्या कोपऱ्याचे दगड तर गवंड्यालाही हात लावू दिला नव्हता. एकावर एक असे बसवले होते की ओळंबा सोडून बघावं. ती भिंत हलवायची नव्हती म्हणून रस्ता तिच्या कडेकडेनं काटकोनात वळवला. समोरच्या अंगाला गटार आणि विजेचा खांब.

मोजणीला एक सर्व्हेअर आणला होता. तो म्हणाला, "आप्पा, हा कोपरा जरा मारा. वळण गोल ठेवा."

मी तिसरीत शाळा सोडलेली, तो डिप्लोमावाला. मी म्हटलं, "साहेब, जरा हिकडं बघा." बैलगाडी जुंपली, मोकळी नव्हे, भरलेली, आणि कोपऱ्यावर आणली. आतल्या बैलाची वेसण ओढून धरली, बाहेरच्याला हाक घातली. आतलं चाक जागच्या जागी, बाहेरचं चाक फिरलं, आणि गाडी पानासारखी वळून उभी. भिंतीला धक्का नाही. मी म्हटलं, "गोल कशाला पाहिजे?" सर्व्हेअरनं पेन्सिल काढली. त्यानं कागदावर काटकोन काढला आणि गेला.

ही गोष्ट मी पुढं पुष्कळ वर्षं सांगितली. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, दूध संस्थेच्या निवडणुकीत. शिकलेल्या माणसाला मी कसा गप्प केला. ऐकणारे हसायचे आणि मी खूश व्हायचो.

बैलगाडी गेली, बैल गेले, तरी पुष्कळ दिवस काही बिघडलं नाही. सायकली वळल्या, मोटरसायकली वळल्या, रिक्षा वळली. घरं बांधायला सुरुवात झाली तेव्हा ट्रॅक्टरवाले कोपऱ्यावर येऊन ट्रॉली सोडायचे आणि शिव्या देत वाळू घमेल्यानं न्यायचे. मी कट्ट्यावर बसून म्हणायचो, "चालवायला शिका आदी." टेम्पोनं दगडावर ओरखडे पाडले, मी त्यांवर चुना मारला. चारचाकी घेतलेले लोक ती मोठ्या रस्त्यावरच लावून चालत घरी यायचे. पेठेतला माणूस एकदा म्हणाला, "आप्पा, तुमच्या कोपऱ्यामुळं माझी गाडी रस्त्यावर ऱ्हाती आणि मी घरात. दोघास्नी एकमेकाची आठवण येती." मी म्हटलं, "चालल्यानं तुझं पोट कमी हुईल." विषय संपला.

वळणाच्या पुढं शंभर पावलांवर बाईंचं घर आहे. बाई म्हणजे प्राथमिक शाळेतनं निवृत्त झालेल्या शिक्षिका. जैन, मूळच्या शिरोळकडच्या. माझ्याकडनं पहिला प्लॉट त्यांनी आणि त्यांच्या मालकांनी घेतला. तेव्हा इथं दिवा नव्हता, नळ नव्हता, कोल्हं ओरडायचं. लोक म्हणायचे मास्तरीण आठ दिवसांत पळून जाणार. बाई पळाल्या नाहीत. मालक गेले, तरी राहिल्या. मुलगा पुण्यात, त्याच्याकडं गेल्या नाहीत. सून आणि नात त्यांच्याजवळ इथंच. इथल्या निम्म्या पोरांना त्यांनी बाराखडी शिकवली आणि निम्म्या बापांना झापलं. मलाही त्या सोडत नसत. पंचायतीचा अर्ज मी त्यांच्याकडनं लिहून घ्यायला गेलो की म्हणायच्या, "सांगा तुम्ही, लिहिते मी, पण शिव्या वगळून सांगा."

त्यांच्या किडन्या बिघडल्या. आठवड्यातनं दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, शहरात डायलिसिसला जावं लागायचं. सुरुवातीला सून स्कूटरवर न्यायची. मग बाई न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि स्कूटरवर बसणं बंद झालं. दवाखान्याची गाडी येऊ लागली. ती मोठ्या रस्त्यानं आत यायची आणि माझ्या कोपऱ्यावर थांबायची. तिथनं पुढं शंभर पावलं बाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार माणसांनी उचलून आणायचं, आणि येताना तसंच परत न्यायचं. माणसं मी लावून दिली होती. पाळ्या ठरवल्या होत्या. खुर्चीचा एक पाय माझा पोरगा धरायचा, एक पेठेतला माणूस. मला त्याचा अभिमान होता. मी म्हणायचो, शहरात असती तर कुणी उचलली असती?

एकदा मी बाईंना तसं म्हणूनही दाखवलं. खुर्ची माझ्या कट्ट्यापुढनं चालली होती.

बाई खुर्चीतनंच म्हणाल्या, "आप्पा, मी काय देव आहे होय? मंगळवारी पालखी, शुक्रवारी पालखी. सगळी गल्ली दारात येऊन बघते."

"बघू द्या की. माणसांना काळजी हाय."

"काळजी आहे ते मला कळतं. पण डायलिसिस करून आल्यावर माणसाला तोंड झाकून घरात जावंसं वाटतं."

खुर्ची पुढं गेली.

नंतर एका शुक्रवारी पाऊस पडून गेला होता. गटाराच्या फरशीवर खुर्चीचा एक पाय मोडला. चौघांनी बाईंना सावरलं, त्या पडल्या नाहीत, पण एक चप्पल गटारात गेली आणि पदर चिखलात. बाई हसल्या. म्हणाल्या, "चला, खुर्चीला पण डायलिसिस लागणार." सगळे हसले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. तोंड पांढरं पडलं होतं.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेलो. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण असतं, त्या ताटावर होत्या. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुम्हालाच निरोप देणार होते. घर विकायचं ठरवलंय. दवाखान्याजवळ फ्लॅट बघितलाय, लिफ्टचा. पहिला प्लॉट तुमच्याकडनं घेतला होता, म्हणून तुम्हाला आधी सांगते. परवाचा सोडून पुढच्या रविवारी एक जण घर बघायला येणार आहे."

मी विचारलं, "मन हाय का जायाचं?"

"मनाचं काय विचारता? गाडी दारात येत नाही आणि मला पाय नाहीत."

सून आत भाकरी थापत होती. ती थापायची थांबली. बाईंनी माझ्या कोपऱ्याचं नाव काढलं नाही. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो, आणि भांडण मला जमतं. त्या नुसत्या पाणी प्यायल्या आणि ताट बाजूला सारलं. मी तसाच उठून आलो.

मंगळवारी गाडी आली तेव्हा मी कोपऱ्यावर उभाच होतो. ड्रायव्हर पेठेकडचाच, तिशीतला, तोंडानं फटकळ. मी त्याला म्हटलं, "आज गाडी दारात न्यायची."

"आप्पा, न्हाय वळत."

"भरलेली बैलगाडी वळत हुती हितं. तुझ्या गाडीला काय झालंय?"

"मग बैल लावा गाडीला."

"यत्न तर कर. का नुसता दवाखान्याचा पगार खातोस?"

त्यानं गाडी घातली. पुढं घेतली, मागं घेतली. पुढं खांब, मागं कोपरा. तीनदा झालं. चौथ्यांदा गाडीचं अंग दगडाला घासलं आणि आवाज सगळ्या गल्लीत गेला. माझी बायको दारात आली. मी बाहेरनं ओरडत होतो, "अजून मार, डावीकडं मार, अजून जागा हाय." ड्रायव्हरनं गाडी बंद केली, खाली उतरला आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

"बसा," म्हणाला.

"मी कशाला बसू?"

"बसा की. लांबनं सांगणं सोपं असतंय. हितं बसून सांगा, म्या ऐकतो."

मी बसलो. आता खोटं कशाला बोलू, चारचाकीत पुढं बसून मी वळणाकडं कधी बघितलंच नव्हतं. बसमध्ये बसलो की झोपतो. त्यानं गाडी हळूहळू वळवली. माझ्या बाजूचं पुढचं चाक कोपऱ्याच्या पुढनं सुटलं, हातभर जागा ठेवून. मी म्हटलं, "हे बघ, सुटली न्हवं?"

तो म्हणाला, "आता आरशात बघा."

आरशात बघितलं. पुढची चाकं वळून गेली होती, आणि मागचं चाक सरळ माझ्या दगडाकडं चाललं होतं. ते वळतच नव्हतं. पुढच्याच्या मागनं नुसतं ओढत येत होतं, आणि येताना आत कापत होतं, हट्टी वासरासारखं. मी त्याला परत मागं घ्यायला लावलं, परत बघितलं. तेच. तिसऱ्यांदा बघितलं.

बैलगाडीला दोनच चाकं. तीही बसणाऱ्याच्या बुडाखाली. तिला मागं काही नसतंच, म्हणून ती जागेवर फिरते. मी आयुष्यभर तेच वळण बघितलं होतं आणि तेवढंच वळण जगात आहे असं धरून चाललो होतो. सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना, टेम्पोवाल्यांना मी वेड्यात काढलं होतं. त्यांतल्या एकालाही चालवायला येत नव्हतं असं कसं असेल? पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता. मला वाटलं आता टोमणा मारेल. त्यानं नुसतं विचारलं, "कळलं?"

"गाडी मागं घे," मी म्हटलं आणि उतरलो. त्या दिवशीही बाई खुर्चीतच गेल्या. नवी खुर्ची आणली होती, लोखंडी.

दुपारी मी गोठ्यातनं चुन्याची पिशवी काढली. ड्रायव्हर बाईंना सोडायला परत आला तेव्हा त्याला म्हटलं, तुझी चाकं जिथनं जायला पाहिजेत तिथनं मला चालून दाखव. तो पुढं चालला, मी मागनं चुन्याची रेघ ओढत गेलो. रेघ रस्त्यावरनं निघाली, भिंतीला भिडली. मग मी गोठ्यात शिरून आतनं तीच रेघ पुढं ओढली. कोपऱ्यावरनं, गव्हाणीच्या मधनं, आणि पलीकडं बाहेर. कोपऱ्यातल्या म्हशीची जागा पुरी गेली.

बायको शेणाची पाटी घेऊन उभी. म्हणाली, "अवो, ही काय रांगोळी घालायला लागलासा? लक्षुमी येणार हाय व्हय?"

"कोपरा पाडायचा हाय."

ती जवळ आली. मग पाटी खाली ठेवून म्हणाली, "तुमचं डोस्कं फिरलंय का माझं कान बिघडल्यात?"

"पाडायचा म्हणतोय न्हवं."

"आन म्हस कुटं बांधायची?"

"लिंबाखाली."

"अवो, सगळी दुनिया सांगून थकली तवा ऐकलं न्हाईसा."

"दुनियेनं मला आरशात बघायला सांगितलं न्हवतं," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही. तिनं पाटी उचलली, पण जाताना कोपऱ्यातल्या म्हशीचं दावं सोडून हातात घेतलं. मला तेवढं पुरेसं होतं.

बुधवारी सकाळी मी पहार लावली. वरचे दगड सोपे गेले. खालचे निघेनात, मीच इतके पक्के बसवले होते. पोरगा कामावरनं येऊन म्हणाला, "आप्पा, जेसीबी सांगतो. अर्ध्या तासाचं काम." मी नको म्हटलं. ज्यानं बसवले त्यानं काढायचे. तर तो म्हणाला, "मग कागद तरी करूया. आपली जागा रस्त्यात चाललीया." मी म्हटलं, "रस्ता मी दिला तवा कागद केला व्हता का?" तो म्हणाला, केला होता. ते खरं होतं. मी म्हटलं, मग कर, पण माझ्या हातातली पहार सोड.

गुरुवारी पेठेतला माणूस आला. थोडा वेळ बघत उभा राहिला. मग शर्ट काढून कट्ट्यावर ठेवला. "आप्पा, बाजूला व्हा. हा कोपरा पाडायची म्या लई वरसं वाट बघितलीया. थोडं पुण्य मला बी मिळू द्या." मिलिटरीवाला आला, राखेवरनं माझ्याशी अबोला धरलेला बंगलेवालाही आला. तो माझ्याशी बोलला नाहीच, पण दगड उचलत होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत चुन्याच्या रेघेच्या बाहेर काही राहिलं नाही. मुरूम टाकला, पाणी मारून चोपला. गोठा उघडा पडला होता, त्याला तात्पुरता पत्रा लावला. गव्हाण अर्धी कापल्यासारखी दिसत होती. बघायला बरं वाटत नव्हतं, पण मी बघितलं.

बाईंना मी काही सांगितलं नव्हतं. सांगून काय सांगणार? पण शंभर पावलांवर पहारीचा आवाज काय लपतो? त्यांनीही निरोप पाठवला नाही. सून येता-जाता स्कूटर थांबवायची, बघायची आणि जायची.

रविवारी घर बघणारा आला. मी कट्ट्यावरच होतो. पांढरी मोठी गाडी, लांबलचक. मोठ्या रस्त्यानं आत आली, आणि माझ्या डोळ्यादेखत, ज्या जागी मंगळवारपर्यंत माझी म्हैस रवंथ करत होती त्या जागेवरनं, गुळगुळीत वळून पुढं गेली. ब्रेकसुद्धा लावला नाही. नव्या वळणावरनं गेलेली ती पहिली गाडी. बाईंसाठी केलेलं वळण, आणि त्यावरनं आधी आला तो त्यांचं घर घेणारा. मी चप्पल घालून मागं गेलो.

पावणा घरात चहा पीत बसला होता. खूश होता. बाईंना सांगत होता, "मला एजंट म्हणाला होता की आत गाडी जात नाही. इथं तर छान जाते. रस्ता बघून मला जागा जास्तच आवडली. तुम्ही सांगाल तो भाव, मी घासाघीस करणार नाही." मग मला बघून विचारलं, "हे कोण?"

सून म्हणाली, "हा रस्ता ह्यांनीच केला."

"वा," पावणा म्हणाला. "काय छान वळण ठेवलंय. दूरदृष्टी लागते हो त्याला."

बाई माझ्याकडं बघत होत्या. चष्म्याच्या वरनं, वर्गात बघत असतील तशा. मी हो म्हटलं असतं तर त्या माणसाला काय कळलं असतं? त्याला परत कधी दिसणारही नव्हतो. शेवटी मी म्हटलं, "म्या चुकीचं ठेवलं हुतं. वीस जणांनी सांगितलं, ऐकलं न्हाय. काल दुरुस्त केलं."

पावणा हसला. त्याला वाटलं म्हातारा विनय दाखवतोय. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कप बशीत ठेवला आणि पावण्याला म्हणाल्या, "तुम्ही लांबनं आलात, चहा झाला, बरं वाटलं. पण घर विकायचं नाही."

"पण तुम्हीच तर फोनवर—"

"फोन केला तेव्हा गाडी दारात येत नव्हती. आज तुमची आली. तुमची आली म्हणजे माझीही येईल. मग मी कशाला जाऊ?"

तो थोडा वेळ बोलत राहिला, भाव वाढवून बघितला, मग गेला. गाडी वळताना मी बघायलाही उठलो नाही. सुनेनं परत चहा टाकला, न विचारता, आणि माझ्या कपात साखर जास्त घातली.

मंगळवारी दवाखान्याची गाडी आली. ड्रायव्हरनं कोपऱ्यावर एकदाही मागं घेतली नाही. सरळ बाईंच्या फाटकाला लावली. सुनेच्या खांद्याला धरून तीन पावलं, आणि बाई आत. गल्लीत कोणी बघायला आलं नाही, कारण बघण्यासारखं काही नव्हतंच. ड्रायव्हर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आप्पा, येता का, पुढं बसा. आरसा दाखवतो." मी म्हटलं, गप्प जा, पेशंट हाय गाडीत.

आता त्या वळणावरनं सगळंच येतं. घंटागाडी येते, गॅसवाला येतो, पेठेतल्या माणसाची चारचाकी त्याच्या दारात झोपते. शाळेची पिवळी गाडी तर इतकी जोरात वळते की मला कट्ट्यावरनं ओरडावं लागतं. शेजारच्या रानातही प्लॉट पडायला लागलेत. तिथला तरणा शेतकरी मला विचारायला आला, आप्पा, रस्ता किती सोडू? मी त्याला म्हटलं, आदी सगळ्यात लांब गाडी आणून वळवून बघ, आणि वळवताना आत बसून बघ, बाहेर उभा राहू नकोस.

गोठ्याची भिंत गवंड्यानं गोल बांधून दिली. मी त्याला दगड देत होतो. दोन म्हशी आत आणि एक लिंबाखाली. तो लिंब माझ्या रानाच्या पार टोकाला, बाईंच्या घराच्या अंगाला आहे. लिंबाखालची दावं लांब करून घेते आणि तिचं तोंड बाईंच्या कुंपणापर्यंत पोचतं. गेल्या शुक्रवारी दवाखान्यातनं परत आल्यावर बाईंनी गाडीतनंच मला हाक मारली. मला वाटलं तब्येतीचं काही आहे, म्हणून लगबगीनं गेलो.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "तुमच्या म्हशीनं माझी जास्वंद खाल्ली. सगळी."

"झाड परत फुटंल की, बाई."

"फुटेल, पण ती परत खाईल. मी इथं राहणार आहे, आप्पा. रोज बघणार आहे. दावं आखूड करा."

मी दावं आखूड केलं.